शेक मध्येच थांबला तेव्हा: तोंडाच्या कर्करोगाचं एक प्रकरण

चौदाव्या शेकाला, म्हणजे रेडिएशनच्या खेपेला, तो आला नाही. तीस शेक ठरले होते, तेरा झाले होते. दुसऱ्या दिवशीही टेबल रिकामं राहिलं आणि शनिवार-रविवारची सुट्टी संपून सोमवार उजाडला तरी पत्ता नाही. फोन केला तेव्हा बायकोनं उचलला. "ते म्हणत्यात आता बास, मला गावाकडं न्या." फाईलवर शेरा पडला, 'रुग्ण उपचारास तयार नाही'. धाकटा भाऊ म्हणाला, "दादानं हिंमत सोडली."

शेरा चुकीचा होता आणि भावाचं म्हणणंही. या माणसाला नेमकं काय होतंय हे कुणी विचारलं नव्हतं. ऑपरेशननंतर जीभ नीट वळत नव्हती, म्हणून त्यानं आपणहून सांगितलंही नव्हतं. त्याच्या मनाच्या अवस्थेत पाच-सहा वेगवेगळे धागे गुंतले होते. त्यातले काही औषधांचे होते, काही वेदनेचे, काही घरातल्या न बोललेल्या गोष्टींचे. प्रत्येकाला वेगळा उपाय लागला. सरसकट "धीर धरा" म्हणून त्यातला एकही सुटला नसता.

हे कुणा एका माणसाचं चरित्र नाही. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांत आणि त्यांच्या घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण उभं केलं आहे. औषधं, मात्रा आणि वेळा प्रत्यक्ष उपचारात असतात तशाच आहेत. पण त्या या रुग्णापुरत्या, डॉक्टरांनी ठरवलेल्या, असं समजून वाचावं.

माणूस आणि घर

वय ४७, सांगली जिल्ह्यातलं गाव, साखर कारखान्यात फिटर. विशीच्या आतच तंबाखू लागली. गेली कित्येक वर्षं दिवसाला आठ-दहा वेळा चुना लावून मळलेला बार डाव्या गालात. घरात बायको, बारावीतली मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा, सत्तरीची आई. शेजारच्याच घरात धाकटा भाऊ. त्याला विचारल्याशिवाय घरात पान हलत नाही.

डाव्या गालाच्या आत जखम झाली आणि तीन महिने भरली नाही. तिखट झोंबायला लागलं, तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. तालुक्याच्या ठिकाणी तुकडा तपासायला दिला आणि रिपोर्ट भावाच्या हातात पडला.

रिपोर्ट लपवल्याचे आठ दिवस

"दादांना सांगू नका, ते खचतील," असं भावानं डॉक्टरांना सांगितलं आणि डॉक्टरांनी ते मानलं. रुग्णाला सांगितलं, साधी गाठ आहे, मुंबईला जाऊन काढून घेऊ. मुंबईत रुग्णालयाच्या दारावर हातभर अक्षरांत 'कर्करोग' लिहिलेलं. माणूस आयटीआय झालेला, रोज मशिनीवरच्या सूचना वाचणारा. पहिल्याच दिवशी त्यानं ती पाटी वाचली आणि गप्प बसला. आपल्याला कळलंय हे भावाला कळू नये म्हणून तो आठ दिवस जपत राहिला, आणि भाऊ त्याला कळू नये म्हणून. बायको नळावर रडून घ्यायची, तो गच्चीवर.

आपल्याकडे हे घरोघरी होतं आणि मायेपोटीच होतं, म्हणून त्यावर रागवण्यात अर्थ नाही. पण त्याची किंमत रुग्ण मोजतो. ऑपरेशन केवढं, चेहरा किती बदलेल, बोलता येईल का, पोरीच्या प्रवेशाच्या पैशांचं काय, पीएफला वारस कुणाचं नाव लावलंय, यातला एकही प्रश्न त्याला विचारता येत नाही. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर तो सही करतो ती कशावर, हाही प्रश्न उरतोच.

रुग्णालयातल्या समाजसेविकेनं आधी भावाला एकट्याला बसवलं. "का नाही सांगितलं?" असं न विचारता "सांगितलं तर काय होईल असं वाटतं?" असं विचारलं. भाऊ म्हणाला, वडिलांना असाच रोग झाला होता, कळल्यावर त्यांनी अन्न सोडलं. मग तिनं एवढंच ठरवून घेतलं: आम्ही आपणहून काही लादणार नाही, पण त्यांनी सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही. भावाला यावर नाही म्हणता आलं नाही. अशा वेळी अडवणाऱ्या नातेवाइकाशी हुज्जत घालण्यापेक्षा ही तडजोड जास्त कामाला येते.

दुसऱ्या दिवशी सर्जनांनी दार लावून घेतलं, फोन बंद केला, खुर्ची जवळ ओढली. वाईट बातमी सांगायची सहा पायऱ्यांची एक पद्धत २००० सालापासून जगभर शिकवली जाते. तिची दुसरी पायरी अशी की आपण सांगण्याआधी समोरच्याला काय माहीत आहे ते विचारायचं. "तुम्हाला काय वाटतं, हे काय असेल?" तो म्हणाला, "कॅन्सरच ना? पाटी वाचली मी." भावानं तोंड फिरवलं. पुढं "किती सांगू?" असं विचारून, थोडं थोडं, मध्ये थांबत सांगितलं. 'कॅन्सर' हा शब्द एकदा कानावर पडला की पुढचं फारसं डोक्यात राहत नाही. म्हणून शेवटी कागदावर तीन ओळी लिहून दिल्या: आजार कुठं आहे, काय करायचं आहे, पुढची तारीख कोणती. तो कागद त्यानं पुढं महिनाभर खिशात ठेवला.

घडी करून ठेवलेला राग

रिपोर्ट कळला त्या दिवशी त्यानं तंबाखू सोडली. खिशातली पुडी गटारात टाकली आणि पुन्हा हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी, ऑपरेशनआधी घरी आल्यावर, तो आईवर ओरडला, मुलाच्या पाठीत धपाटा घातला, रात्रभर जागा. सगळ्यांना वाटलं, कॅन्सरनं डोकं फिरलं.

यातलं बरंचसं निकोटिन तुटल्याचं होतं. निकोटिन अचानक बंद झालं की चोवीस तासांच्या आत चिडचिड, बेचैनी, उदासी, झोप उडणं, लक्ष न लागणं सुरू होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते कळसाला जातं आणि दोन ते चार आठवड्यांत उतरतं. कर्करोग नुकताच कळलेला असतो त्याच दिवसांत हे घडतं, त्यामुळं दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि घर घाबरतं. तोंडात जखम असताना निकोटिनचा च्युइंगगम चालत नाही. कातडीवर चिकटवायचा पॅच चालू शकतो, तो डॉक्टरांना विचारून लावायचा. सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन १८००-११२-३५६ आहे. या घराला एवढं जरी आधी सांगितलं असतं की पहिले दहा दिवस माणूस काटेरी होईल आणि ते उतरेल, तरी मुलाचा धपाटा वाचला असता.

मुलांना काय सांगितलं

मुलाला कुणीच काही सांगितलं नव्हतं. "पप्पा मुंबईला गेलेत, दात काढायला." पण त्यानं एकदा बापाची तंबाखूची पिशवी लपवली होती आणि ओरडा खाल्ल्यावर मनात म्हटलं होतं, पप्पांना देव बघून घेईल. आता देवानं बघून घेतलं असं त्याला वाटत होतं. हे त्यानं आत्याला सांगितलं, म्हणून कळलं. या वयाची मुलं असं बऱ्याचदा धरून बसतात: आपण वाईट बोललो, वाईट वागलो, म्हणून हे झालं. न सांगितल्यानं हे वाटणं जात नाही, उलट घट्ट होतं.

त्याला फोनवर आईनंच सांगितलं, ठरवून दिलेल्या क्रमानं. पप्पांना कॅन्सर नावाचा आजार झालाय. तो गालात आहे, डॉक्टर तो काढणार आहेत. तो कुणामुळं होत नाही, तुझ्यामुळं तर नाहीच. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पप्पांच्या मांडीवर बसलास तरी चालतं. आम्ही येईपर्यंत तू आजी आणि काकूकडं जेवशील, रोज रात्री आठला फोन करू. 'पप्पा नक्की बरे होतील' हे वाक्य मुद्दाम वगळलं, कारण ते पाळणं कुणाच्या हातात नव्हतं. रात्री आठचा फोन मात्र पाळण्यासारखा होता आणि तो एकदाही चुकवला नाही.

लागत नाही हे आजीलाही वेगळं सांगावं लागलं. तिनं लेकाचं ताट-वाटी-तांब्या वेगळा काढून ठेवला होता. बारावीतल्या मुलीला रिपोर्टच दाखवला. तिनं तो गुगलवर शोधलेलाच होता आणि चुकीचं वाचलं होतं.

आरसा

डावा गाल, खालच्या जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या. छातीवरचं मांस-कातडी वळवून गाल भरला. नाकातून पोटात नळी. पहिले काही दिवस आवाज नाही; पाटी-पेन्सिल.

अशा ऑपरेशननंतर आरसा कधी दाखवायचा हे ठरवावं लागतं. वॉर्डातल्या बेसिनवर तो अचानक समोर येऊ नये म्हणून तिसऱ्या दिवशी नर्सनं विचारलं, "बघायचंय? आज की उद्या?" तो म्हणाला उद्या. दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी, बायकोला शेजारी बसवून, आधी उजवी बाजू, मग समोरून. नर्सनं आधीच सांगितलं होतं की आत्ता जी सूज आहे त्यातली बरीच ओसरेल, टाके निघतील, पण गाल पूर्वीसारखा होणार नाही. त्यानं बराच वेळ बघितलं आणि पाटीवर लिहिलं, 'पोरीला एकदम दाखवू नका'. मुलीला आधी फोटो पाठवला, मग व्हिडिओ कॉल. ही युक्ती साधी आहे, पण पहिल्या भेटीत मुलीच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बाप जन्मभर विसरत नाही, म्हणून ती करायचीच.

मास्कखाली

ऑपरेशननंतर पाच आठवड्यांनी शेक सुरू झाला. एकूण ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), ३० भागांत, आठवड्यातून पाच दिवस. दर बुधवारी सिस्प्लाटिन या केमोच्या औषधाची सलाईन. डोकं-मानेच्या कर्करोगात शेक लांबला तर नुकसान होतं. प्रत्येक वाया गेलेल्या दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्का किंवा त्याहून थोडी जास्त घटते, असं मानलं जातं. म्हणून तीन दिवसांची गैरहजेरी ही घाईनं सोडवायची गोष्ट होती.

सोमवारीच समाजसेविका धर्मशाळेत गेली. (मुंबईत उपचाराला येणाऱ्या कर्करुग्णांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा जुनी आणि सगळ्यांच्या माहितीची आहे. अशा ठिकाणी राहण्याचा एक फायदा आणि एक तोटा असतो. शेजारच्या खाटेवर आपल्या पुढं दोन आठवडे असलेला रुग्ण दिसतो. बरा चालला असेल तर धीर येतो. त्याची सोललेली मान बघितली की पाय गळतात.) तिनं 'का येत नाही' हे विचारलंच नाही. "शेकाच्या खोलीत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत काय काय होतं ते क्रमानं लिहा," म्हणाली.

त्यानं पाटीवर लिहिलं ते असं. टेबलावर उताणं झोपवतात. जाळीचा मास्क तोंडावरून खांद्यापर्यंत दाबून बसवतात आणि कडेच्या खिट्ट्या टेबलाला लावतात. हनुवटी हलत नाही. सगळे बाहेर जातात, जाड दार लागतं. दुसऱ्या आठवड्यापासून थुंकी गोंदासारखी घट्ट झालीय. उताणं झोपल्यावर ती घशात उतरते, गिळता येत नाही, तोंड उघडता येत नाही. उलटी झाली तर मी आत मरेन. शेवटी लिहिलं, 'हाक मारता येत नाही'.

मास्कची ही भीती फार जणांना असते. मास्क बनवताना प्लास्टिकचा पत्रा सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास गरम पाण्यात मऊ करतात आणि चेहऱ्यावर ताणून बसवतात. काही मिनिटांत तो चेहऱ्याच्या आकाराचा कडक होतो. तो घट्ट असलाच पाहिजे, कारण शेकाचा नेम मिलिमीटरचा असतो. पण ज्याला श्वास आणि थुंकी दोन्हीचा भरवसा नाही, त्याच्यासाठी ती दहा-बारा मिनिटं बुडण्यासारखी असतात. खोलीत कॅमेरा आहे, हात वर केला की मशीन थांबतं, हे पहिल्या दिवशी त्याला घाईत एकदा सांगितलं होतं. त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी गर्दी व्हायच्या आत, शेक न देता, नुसता सराव केला. मास्क आधी त्याच्या मांडीवर दिला. त्यानं फिटरच्या सवयीनं तो उलटासुलटा करून खिट्ट्या बघितल्या, एक दोनदा लावून काढली. मग बसल्या बसल्या स्वतःच्या हातानं चेहऱ्यावर धरला. मग आडवं होऊन, खिट्ट्या न लावता. मग दोन खिट्ट्या, एक मिनिट. मग सगळ्या, दोन मिनिटं, तंत्रज्ञ खोलीतच उभा. शेवटी दार लावून उजवा हात वर करायला सांगितलं. त्यानं मनात मोजलं. सात आकड्यांत दार उघडलं. हे सात त्याला पुढं रोज पुरले.

थुंकीची तयारी वेगळी. लिटरभर पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी तोंड धुवायचं, पोटात जाऊ द्यायचं नाही. शेकाला जायच्या आधी लगेच एकदा, वर नर्सनं मशिनीनं घशातली थुंकी ओढून घ्यायची. नळीतलं जेवण निदान तासभर आधी संपवायचं, म्हणजे उताणं झोपल्यावर वर येत नाही. श्वासाचा सराव खिट्ट्या लावायच्या आधीच सुरू करायचा: नाकानं आत चार आकडे, बाहेर सहा. बाहेरचा श्वास लांब ठेवला की छातीची धडधड उतरते. भीती चढल्यावर सुरू केला तर तो जमत नाही. आणि त्याच्या ओळखीचं एक भजन, बरोबर दहा मिनिटांचं. कुठलं कडवं चाललंय यावरून किती वेळ उरला ते त्याला कळायचं.

भीती कमी करायची गोळीही शेकाआधी देता येते. इथं ती टाळली, कारण वेदनेसाठी मॉर्फिन सुरू करायचं होतं आणि दोन्ही मिळून श्वास मंद करू शकतात.

आकडा नऊ, आणि त्याच्या पोटात काय होतं

समाजसेविकेनं त्याला कागदावरचा थर्मामीटर दाखवला. शून्य म्हणजे काही त्रास नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. त्यानं नऊवर बोट ठेवलं. हे साधन नव्वदीच्या दशकात अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ डॉ. जिमी हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवलं. मानसिक आजार, नैराश्य असे शब्द ऐकून माणूस दार लावून घेतो, 'त्रास' म्हटलं की बोलतो, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे तो शंभर टक्के लागू पडतो. चार किंवा वर आकडा आला की खोलात विचारायचं.

नैराश्याची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ चाचणी घेतली, २७ पैकी १७ आले. आकडा मोठा होता, पण त्यातले झोप, भूक, थकवा आणि मंदपणाचे प्रश्न शेक-केमोच्या कुठल्याही रुग्णात वर जातात. म्हणून उरलेल्यांकडं नीट बघायचं: कशातच रस उरला नाही का, आपण कवडीमोल आहोत असं वाटतं का, मरणाचे विचार येतात का. रस शाबूत होता. मुलीची सराव परीक्षा कशी गेली हे तो रोज लिहून विचारायचा. अपराधाचं ओझं मात्र फार मोठं.

मरणाबद्दल सरळ विचारलं. "झोपेतून उठूच नये, असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे, विचारल्यानं माणूस सुटतो. त्यानं लिहिलं, 'झोपेत गेलो तर बरं. स्वतः काही करणार नाही. पोरगी आहे.' बेत नव्हता, तयारी नव्हती. तरीही दोन गोष्टी त्याच दिवशी केल्या. सगळ्या गोळ्या बायकोच्या पिशवीत गेल्या. भावानं गावी गोठ्यातली तणनाशकाची आणि कीटकनाशकाची बाटली उचलून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवली. शेतकरी घरात हे सांगायला विसरू नये. बेत आहे असं कळलं असतं तर माणसाला एकटं न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री कुणीच नसेल तर टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

मग औषधांचा कागद काढला, आणि तिथं निम्मं उत्तर होतं.

उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिवसातून तीनदा चालू होतं. ते सुरू झाल्यापासून त्याचे पाय स्थिर राहत नव्हते. रात्री धर्मशाळेच्या व्हरांड्यात फेऱ्या मारायचा, बसला की उठायचा. सगळ्यांनी याला घाबरणं म्हटलं होतं. या औषधानं काही जणांना अशी आतून ढवळणारी बेचैनी होते. ते बंद करून ऑन्डॅनसेट्रॉन दिलं, दोन दिवसांत पाय शांत झाले. सलाईनच्या दिवसापासून तीन दिवस डेक्सामिथॅसोन हे स्टेरॉइड चालू असायचं, आणि ते रात्री आठला दिलं जायचं. स्टेरॉइड रात्री दिलं की झोप जाते. ते सकाळी आठवर आणलं.

वेदना दहापैकी सात. तोंड आतून सोललेलं, आणि औषध फक्त पॅरासिटॅमॉल. मॉर्फिन लिहून दिलेलं होतं, पण ते त्यानं घेतलंच नव्हतं. 'एका व्यसनानं हे झालं. दुसरं नको.' त्याला समजावलं की कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेलं मॉर्फिन आणि तंबाखूची तलफ या वेगळ्या गोष्टी आहेत. तोंड भरलं की ते हळूहळू कमी करून थांबवतात. दर चार तासांनी ५ मिलिग्रॅम नळीतून, सोबत पोट साफ होण्याचं औषध. तिसऱ्या दिवशी वेदना तीनवर.

नैराश्याचं औषध लगेच सुरू केलं नाही. वेदना, झोप आणि पायांची बेचैनी आवरून दहा दिवसांनी पुन्हा चाचणी घ्यायची ठरली. आकडा १७ वरून ९ वर आला. तसाच राहिला असता, आणि कशातच रस उरला नसता, तर मिर्टाझापिन रात्री ७.५ मिलिग्रॅमनं सुरू करायचं होतं. ते झोप आणि भूक दोन्हींना मदत करतं. अशी औषधं मनावर काम करायला दोन ते चार आठवडे घेतात हे आधी सांगावं लागतं, नाहीतर घरचे पाचव्या दिवशी बंद करतात.

चुकलेले तीन शेक आणि सरावाचा एक दिवस भरून काढले: दोन शनिवार, आणि दोन दिवशी सकाळ-संध्याकाळ, मध्ये निदान सहा तास ठेवून.

बायकोचा राग

हा धागा सगळ्यात शेवटी हाती लागला. दहाव्या शेकाच्या दिवशी नळी तुंबली होती. दिवसाला सात वेळा, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, दर खेपेला २५० मिली पातळ खाणं बायको एकटी भरवत होती: दूध, अंडं, नाचणी, डाळीचं पाणी, सगळं मिक्सरमधून काढून गाळलेलं. त्या दिवशी घाईत गाळायचं राहिलं आणि आधी-नंतर नळी धुवायचं ४० मिली पाणीही. नळी बसली आणि बायकोचा बांध फुटला. "वीस वर्सं सांगत हुते. वीस वर्सं पुड्या फेकून दिल्या. ऐकलं न्हाईसा." त्या दिवसापासून त्यानं तिच्याकडं बघणं सोडलं होतं.

तिच्याशी एकटीशी पाऊण तास बोलणं झालं. पहिली वीस मिनिटं समाजसेविकेनं एकही सल्ला दिला नाही. आजारी माणसावर रागवणं पाप आहे असं तिला वाटत होतं, आणि राग तर जात नव्हता. सगळं ओतून झाल्यावर तळाशी निघालं ते हे: पोरं एकटीनं वाढवावी लागतील, ही भीती.

मग दोघांना समोरासमोर बसवलं, पंधरा मिनिटं, ठरवून. तिनं 'तुम्ही असं केलंत'नं सुरुवात करायची नाही, 'मला काय वाटतं' एवढंच बोलायचं. ती म्हणाली, "मला लई भ्या वाटतंय, म्हणून राग येतोय." त्यानं पाटीवर लिहिलं, 'चुकलं माझं'. समाजसेविकेनं त्यावर झाकण घातलं नाही, बायकोला 'माफ करा' म्हणाली नाही. तंबाखूमुळं झालं नाही असं खोटंही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की व्यसन लागलं तेव्हा तुम्ही पोरसवदा होतात, पाळीवरचा प्रत्येकजण बार भरत होता आणि सोडता येत नाही असं ते रसायनच आहे. ते तुम्ही सोडलंत त्याला आज अडीच महिने झाले. अपराधाची भावना यानं जात नाही. पण शेक हीच शिक्षा समजून गप्प सोसायचं, असं जे त्यानं मनात धरलं होतं, ते तिथं मोडलं.

बाकीचं घराचं गणित होतं. शनिवार-रविवार भाऊ मुंबईत येणार, ते दोन दिवस नळी त्याच्याकडं, वहिनी झोपणार. गावाकडून दिवसाला पंधरा-वीस फोन यायचे आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागायचं, शिवाय प्रत्येकाकडं एखादा काढा किंवा बाबा असायचा. आता दर रविवारी रात्री भाऊ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळी टाकणार आणि वहिनीचा फोन फक्त मुलांसाठी. यानं तिचा जेवढा शीण गेला तेवढा कशानंच गेला नसावा.

शेक संपल्यावर

तिसावा शेक झाला, पेढे वाटले, आणि गावी गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात तो ढासळला. उपचार चालू असताना रोज जायचं ठिकाण असतं, विचारणारी माणसं असतात. ते एकदम थांबतं. शिवाय तोंडाच्या आतला त्रास शेक संपल्यावरही एक-दोन आठवडे वाढतच जातो, हे सांगितलेलं नसेल तर रोग उलटला असं वाटतं. इथं ते आधी सांगितलं होतं, म्हणून फोनवर निभावलं. रोज चार गोष्टी लिहून ठरवल्या: सकाळी वीस मिनिटं चालणं, जबड्याचे व्यायाम, मुलाचा अभ्यास, संध्याकाळी पारावर अर्धा तास. मन लागलं तर करायचं असं नाही. वेळ झाली की करायचं. पारावरचं सगळ्यात अवघड गेलं. लाळ गळायची, लोक बघायचे. पहिले पंधरा दिवस भाऊ बरोबर जाऊन बसला, खांद्यावर पंचा ठेवायची सवय केली.

तपासणीच्या तारखेआधीचा आठवडा पहिल्या वर्षी दर वेळी वाईट जायचा. तो दिवसातून दहा वेळा टॉर्च लावून तोंडात बघायचा. नियम ठरला: आठवड्यातून एकदा, रविवारी आंघोळीनंतर, बायकोच्या समोर. नवी जखम, गाठ किंवा दुखणं दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर तारखेची वाट न बघता यायचं, त्याआधी नाही.

नवव्या महिन्यात पुन्हा उदासी आली. दिवसभर झोप, थंडी वाजणं, बोलणं मंद, कामावर जायला नको. घरचे म्हणाले, पुन्हा मनावर घेतलं. मानेला शेक बसलेल्यांत थायरॉइड मंदावणं नेहमीचं आहे आणि ते हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं. टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी केली, आकडा बराच वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉइड मंद. थायरॉक्सिन ही थायरॉइडची गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी. दोन महिन्यांत तो पाळीवर परतला.

त्याच्या फाईलच्या पहिल्या पानावर आता चार ओळी आहेत. टीएसएच दर सहा ते बारा महिन्यांनी. तोंड किती मिलिमीटर उघडतं ते दर भेटीला. मागच्या वेळी २६. त्रासाचा आकडा दर भेटीला. मागच्या वेळी ३. बायकोला वेगळं बसवून तिचा आकडा. मागच्या वेळी ५, पुढच्या भेटीत पुन्हा विचारायचा.